बोटांना ठाऊक असलेला शब्द

आयुष्यात सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं मला कोणी विचारलं तर मी आमच्या गावच्या टायपिंग क्लासच्या बाईंचं नाव घेतो. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं, ते ऋण वेगळं, ते फिटायचं नाहीच. पण बंगळूरात माझे पाय ज्या दिवशी रोवले गेले, त्या दिवशी माझ्या मदतीला कॉलेज आलं नाही, बाई आल्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःच्या क्लासच्या पाटीवरही त्यांनी ते लिहिलं नव्हतं.

आमचं गाव सीमेवरचं. घरात मराठी, बाजारात कन्नड. बसस्टँडसमोर रेशन दुकानाच्या माडीवर बाईंचा क्लास होता. सात मशिनं, चार इंग्रजी आणि तीन मराठी. मी बारावीच्या सुट्टीत इंग्रजी टायपिंग शिकायला गेलो. महिन्याभराने बाईंनी मला मराठीच्या मशिनवर बसवलं.

"बाई, मला इंजिनियर व्हायचंय. मराठी टायपिंग कशाला?"

"इंजिनियर झालास की बोटं नवी फुटणार आहेत का? बस मुकाट्याने."

मशिनवर बसलं की त्या आमच्या हातांवर एक पातळ टॉवेल टाकत. बोटं टॉवेलाखाली, डोळे समोरच्या कागदावर. कोणी टॉवेल उचलून अक्षर शोधायला लागला की मागून पट्टी टेबलावर आपटायची. "खाली काय बघतोस? बोटांचं बोटं बघून घेतील." पहिले दोन आठवडे नुसता गोंधळ. मग एक दिवस खरोखरच बोटं आपली आपण जागेवर जायला लागली. कुठलं अक्षर कुठे आहे हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, पण हात बरोबर तिथे पडायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पदवी घेऊन बंगळूरला आलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बसवनगुडीत एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर बिघडले की आम्ही जाऊन दुरुस्त करायचो. मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. बरोबरची दोघं पुण्या-मुंबईची. मुलं चांगली, पण इंग्रजी अशी बोलत की मी वाक्य मनात जुळवेपर्यंत त्यांचा विषय बदललेला असे. मी टाइप करायला लागलो की मात्र खोलीत टपटप पाऊस पडल्यासारखा आवाज व्हायचा. त्यावरून त्यांनी माझं नाव 'टायपिस्ट' पाडलं होतं.

"काय टायपिस्ट, बिघाड पण साठच्या स्पीडने शोधतोस का?"

मी हसायचो. पण ते नाव मला लागायचं.

गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा फोन आला. तिथे पत्रा कापायच्या प्रेसवर लावायच्या डाय, म्हणजे साचे, बनवत. बरोबरचे दोघेही बाहेर होते म्हणून साहेबांनी मला पाठवलं. निघताना म्हणाले, "नीट बघ. तुझ्याबद्दल महिनाअखेर ठरवायचंच आहे." यशवंतपूरला बस बदलून मी अकराच्या सुमारास तिथे पोचलो.

ऑफिसात तिघं होती. साठीचे मालक, त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा, आणि टायपिंगचं व ड्रॉइंगच्या नोंदींचं काम पाहणाऱ्या एक चाळिशीच्या बाई. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या. डोळे लाल होते.

बोलणं कन्नडमध्ये झालं. मालकांच्या डायची ड्रॉइंगं पूर्वी एकदा कोणीतरी कॉपी करून दुसऱ्या कारखान्याला दिली होती. तेव्हापासून त्यांनी कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर बसवून घेतलं होतं. ते डिस्कच्या अर्ध्या भागातली सगळी माहिती सांकेतिक करून ठेवी आणि मशिन सुरू होताना पासवर्ड मागे. पासवर्ड दिला की ड्रॉइंगं दिसत, नाहीतर तो भाग नुसता कचरा. कारखान्यात त्याला 'बीगा' म्हणत, म्हणजे कुलूप. जपून ठेवलेल्या फ्लॉप्यांवरसुद्धा तेच कुलूप होतं. पासवर्ड एकट्या अक्कांना माहीत, कारण सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी त्यांनीच तो टाइप केला होता. कुठे लिहून ठेवायचा नाही, असं मालकांनीच बजावलं होतं.

दोन दिवसांपूर्वी भाच्याने मशिनवर सिस्टिमची नवी आवृत्ती टाकली. त्यानंतर अक्कांचा पासवर्ड चालेना. आणि त्या सॉफ्टवेअरचा नियम असा की लागोपाठ दहा वेळा पासवर्ड चुकला की ते आतली किल्लीच पुसून टाकणार. मग ड्रॉइंगं कोणालाच कधी मिळणार नाहीत. पडद्यावर आकडा दिसत होता. आठ चुका झाल्या होत्या.

"नोडप्पा," मालक मला म्हणाले, म्हणजे 'बघ बाबा', "गेल्या आठवड्यात ह्यांनी गौरीच्या सणाची रजा मागितली. मी नाही म्हणालो, ऑर्डर आहे. आणि ह्या आठवड्यात पासवर्ड चालत नाही. मी काय समजायचं?"

"मी काही बदललेलं नाही," अक्का म्हणाल्या.

"मग शब्द सांगा ना! भाचा टाइप करेल."

"सांगितला. त्याने टाइप केला. नाही चालला."

"इंग्लिशमध्ये चार तऱ्हेने टाकून बघितला," भाचा म्हणाला. "चार अक्कांनी टाकले, चार मी."

"मी टाकलेले बरोबर होते," अक्का म्हणाल्या. "अकरा वर्षं इथे आहे मी. चोर म्हणायचं तर तोंडावर म्हणा."

मालक खिडकीकडे बघत म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत उघडलं नाही तर उद्यापासून यायची गरज नाही."

ड्रॉइंगं मालकांची होती, पण माझ्या डोक्यात त्यानंतर एकच गोष्ट राहिली. संध्याकाळपर्यंत.

मी माझी फ्लॉपी घालून मशिन सुरू केलं. फ्लॉपीवरून सुरू केलं की कुलूप पासवर्ड मागत नाही, पण ड्रॉइंगंही दिसत नाहीत. फक्त डिस्कचा उघडा अर्धा भाग वाचता येतो. त्या काळी मशिन सुरू होताना एक छोटी फाइल वरून खाली ओळीओळीने वाचायचं. एकेका ओळीत एकेक ड्रायव्हर, म्हणजे एकेक गोष्ट चालवणारा छोटा प्रोग्रॅम: हा माउसचा, हा कुलपाचा, हा कीबोर्डचा. जी ओळ वर, तो ड्रायव्हर आधी जागा होणार. नवी आवृत्ती टाकताना ही फाइल बदलते, हे मला माहीत होतं. जुनी फाइल वेगळ्या नावाने राहते, तीही मी शोधली. पण दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या.

"दोनदा टाकलीस का रे आवृत्ती?" मी भाच्याला विचारलं.

तो ओशाळला. "पहिल्यांदा मध्येच प्रिंटर बंद पडला. वाटलं बिघडलं. म्हणून परत पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला जुन्या फाइलच्या जागी नवीच फाइल जुनी म्हणून जाऊन बसली होती. आधी काय होतं ते सांगणारं आता काही उरलं नव्हतं.

तासभर मी त्या ओळींकडे बघत बसलो. ड्रायव्हर सगळे होते, एकही गहाळ नव्हता. दुपारी अक्कांनी डबा उघडला आणि न जेवता बंद केला. मी त्यांना म्हटलं, "अक्का, पासवर्ड मला सांगू नका. पण तुम्ही तो मनात कसा आठवता?"

त्या जरा विचारात पडल्या. "आठवत नाही. हात ठेवला की येतो. मला तो सांगण्यापेक्षा टाइप करणं सोपं आहे."

"टायपिंग कुठे शिकलात?"

"तुमकूरला. कन्नड सीनियर पास आहे मी." मी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

मी उठून उभाच राहिलो. त्या यादीत एक ओळ कन्नड कीबोर्डची होती. कामगारांच्या नोटिसा कन्नडमध्ये काढाव्या लागत, म्हणून तो ड्रायव्हर बसवला होता. तो जागा असला की इंग्रजी बटणांवर कन्नड टाइपरायटरचीच अक्षरं उमटायची.

मी अक्कांना कोऱ्या पडद्यावर स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं. फ्लॉपीवरून सुरू केलेल्या मशिनमध्ये कन्नड ड्रायव्हर नव्हता. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आली. मग मी तो ड्रायव्हर हाताने सुरू केला आणि म्हटलं, "आता परत." पडद्यावर त्यांचं नाव स्वच्छ कन्नडमध्ये उमटलं.

"बोटं तीच ना अक्का?"

"तीच."

मग मी मालकांना कागदावर काढून दाखवलं. सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा कन्नडची ओळ वर होती, कुलपाची खाली. त्यामुळे अक्कांनी टाइप केलेला शब्द कुलपाला कन्नड अक्षरांत पोचला. तिथे नुसते तारे दिसतात, म्हणून कोणालाच कळलं नाही. नव्या आवृत्तीबरोबर मेमरी वाचवणारा एक प्रोग्रॅम आला. त्याने मोठे ड्रायव्हर वर आणि छोटे खाली अशा ओळी लावल्या. कुलूप मोठं, ते वर गेलं. आता ते पासवर्ड विचारतं तेव्हा कन्नड ड्रायव्हर अजून झोपलेला असतो. बोटं तीच, पण आत पोचतं भलतंच.

"म्हणजे ह्यांनी टाकलेले चारही बरोबर होते?" मालकांनी विचारलं.

"माझ्या हिशेबाने, हो."

"तुझा हिशेब चुकला तर?"

"एक वेळा चुकला तर चालेल. दोन वेळा नाही."

मी ओळी बदलल्या, फ्लॉपी काढली, मशिन पुन्हा सुरू केलं. पासवर्ड विचारणारी चौकट आली. अक्का बसल्या. मालक त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे, भाचा दुसऱ्या बाजूला, मी मध्ये. अक्कांनी खाली बघितलं आणि एका बोटाने, एकेक बटण शोधत टाइप केलं.

चुकला. पडद्यावर नऊ.

मालकांनी कपाळाला हात लावला. पण मी अक्कांचे हात बघितले होते. कन्नड टायपिंगची सीनियर परीक्षा पास झालेली बाई एका बोटाने टाइप करत होती. आणि ज्या बटणांकडे त्या बघत होत्या त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं छापलेली होती. तिथे बघून त्यांना कन्नड शब्द कसा सापडणार होता?

"सर, तुम्ही दोघं स्वल्प बाहेर थांबता का?"

"का?"

"दहा मिनिटं. अक्का काही पळून जात नाहीत."

मालक "सरी", म्हणजे बरं, म्हणून भाच्याला घेऊन बाहेर गेले. हात धुण्याच्या जागेपाशी एक टॉवेल टांगलेला होता. मी तो आणून अक्कांच्या हातांवर टाकला. त्या दचकल्या, आणि मग हसल्या.

"आमचे मास्तर पुठ्ठा ठेवायचे," त्या म्हणाल्या.

"आधी शाळेतली एखादी कविता टाइप करा. नोटिशीच्या प्रोग्रॅममध्ये." या मशिनवर पासवर्डची चौकट होती, पण तो प्रोग्रॅम दुसऱ्या टेबलावरच्या जुन्या मशिनवरही होता. तिथे त्यांनी पाच मिनिटं, समोरच्या भिंतीकडे बघत, टपटप टपटप टाइप केलं. माझ्या टायपिंगसारखाच आवाज. मग त्या उठून या मशिनपाशी आल्या. मी टॉवेल टाकला आणि पाठ केली.

पाठीमागे एका दमात आठ-दहा टपटप ऐकू आले. मग एक मोठं बटण. मग डिस्क घरघरली.

मी वळलो तेव्हा ड्रॉइंगांची यादी पडद्यावर वर सरकत होती आणि अक्का टॉवेलानेच डोळे पुसत होत्या.

मालक आत आले. यादी शेवटपर्यंत जाईपर्यंत उभे राहिले. अक्कांकडे न बघता म्हणाले, "रजेचा अर्ज आणा." मग बहुधा त्यांना तेवढं पुरेसं वाटलं नाही. खुर्ची ओढून अक्कांच्या समोर बसले. "चुकलं माझं, अक्का." भाचा तिथे होता, मी होतो, दाराशी दोन कामगार होते, सगळ्यांसमोर म्हणाले.

परत येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ते एका पानात लिहायला लावलं: नवी आवृत्ती टाकण्याआधी त्या फाइलचा छापील कागद काढा, ड्रायव्हरचा क्रम बघा, पासवर्ड कोणत्या कीबोर्डवर दिला ते विचारा. ते पान पुढे कंपनीतल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी मिळू लागलं. पुण्याच्या मुलाने ते वाचलं आणि म्हणाला, "टायपिस्ट, मानलं." त्या दिवसापासून मला ते नाव आवडायला लागलं. महिनाअखेर मी कायम झालो. त्याच आठवड्यात बाईंना पत्र लिहिलं. नंतर त्यांच्या भाचीने ते मला परत दिलं, म्हणून शब्द न बदलता देतो.

तीर्थस्वरूप बाई,

साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे. नोकरी कायम झाली. ती कशी झाली ते सोबतच्या पानावर लिहिलं आहे. ते कंपनीचं पान आहे, त्यात टॉवेलाचा उल्लेख नाही, तो तुमच्यासाठी इथे करतो: तिथल्या अक्कांच्या हातांवर टॉवेल टाकला तेव्हाच कुलूप उघडलं. त्या अक्का अजून तिथेच कामाला आहेत. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

एक गोष्ट कबूल करायची आहे. टायपिंगच्या परीक्षा मी पास झालो, पण प्रमाणपत्रं न्यायला आलोच नाही. तुम्ही दोनदा निरोप पाठवलात, मी कामाचं निमित्त सांगितलं. खरं कारण असं की मला इंजिनियर म्हणवून घ्यायचं होतं आणि टायपिंग आलेलं कोणाला कळू नये असं वाटत होतं. इथे नोकरीच्या अर्जातही मी ते लिहिलं नव्हतं.

कायम करताना कंपनीने नवा फॉर्म भरून घेतला. शिक्षणाच्या रकान्यात मी आधी तुमचा क्लास लिहिला, मग कॉलेज. ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, लिहिलं आहे तर पुरावा जोडा. तेव्हा ती प्रमाणपत्रं तुमच्या कपाटात अजून असतील तर कृपा करून पाठवावीत. दोन्ही पाठवा बाई, इंग्रजीचं आणि मराठीचं.

तुमचा विद्यार्थी