मिसरीची डबी
शेजारच्या अंगणात कुणीतरी तव्यावर तंबाखू भाजत होतं. त्या जळक्या वासाने ठसका लागला आणि मला सासूबाईंची मिसरीची डबी आठवली. मला तेव्हा पाचवा महिना होता. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून भीतीने मी ब्रशच बंद केला होता. चांगली शिकलेली मी! एका सकाळी गुपचूप त्यांची डबी उघडली आणि चिमूटभर मिसरी बोटावर घेतली. सासूबाईंनी मागून येऊन माझं मनगटच धरलं. "आगं, हिनंच माझं दात खाल्लं. तुला नगं ही." त्यांच्या तोंडात तेव्हा चारच दात उरले होते. दुसऱ्या दिवशी त्या मला एसटीने सांगलीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या आणि खुर्चीजवळून हलल्या नाहीत. "पोटातल्या लेकराला काय व्हनार न्हाई न्हवं?" त्यांनी तीनदा विचारलं. "काही होणार नाही. या दिवसांत हिरड्या सुजतात, रक्त येतं. हिने ब्रश सोडला म्हणून ते वाढलं," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी दात साफ केले आणि मऊ ब्रश वापरायला सांगितला. सासूबाईंची स्वतःची मिसरी काही सुटली नाही. पण मी बाळंत होईपर्यंत ती भाजायला त्या तवा घेऊन पार ओढ्याकडेला जायच्या, मला धूर लागू नये म्हणून. आता त्या नाहीत. तो वास आला की माझी जीभ आपोआप दातांवरून फिरते. सगळे जागच्या जागी आहेत.