वसंताची ठेव

१९८७ साल. मी चोपन्न वर्षांचा होतो. शिक्षण तिसरीपर्यंत, पण मांडवीत माझा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

शेजारचा वसंता माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बोटीवर खलाशी होता. दोरखंडात पाय सापडून चिरडला आणि तो कायमचा घरी बसला. येताना टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर घेऊन आला. त्यावर दिवसभर जहाजाचा खेळ. चाळीस बंदरं घेतली की सफर पुरी.

"बोटीवर भागलं नाही वाटतं?" मी चिडवायचो.

"तात्या, ह्या बोटीवरनं मला कोन उतरवनार नाय."

कॉम्प्युटर बंद केला की ते मशीन सगळं विसरायचं. म्हणून जहाज कुठवर आलं ते वसंता टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर उतरवायचा. एक कॅसेट त्याच्याकडे, दुसरी माझ्याकडे. "दोनी एका घरात ठेवल्या तर एका आगीत दोनी जातील," म्हणायचा.

दर शनिवारी तो काठी टेकत यायचा, माझ्याकडची कॅसेट न्यायचा, चालते का बघायचा, तिच्यावर नवी बंदरं चढवायचा आणि परत आणून द्यायचा. मला ते लागायचं. एकदा सांगितलंच, "माझ्याकडे ठेव दिलीस ना? मग दर शनिवारी तपासायला येतोस, माझ्या घरात काय चोर राहतात?"

"तसं नाय तात्या. ठेवलेली वस्तू उगडून बगितली नाय, तर ती ठेवलीच नाय."

"मग नेऊन ठेव दुसरीकडे."

नेली नाही त्याने. फक्त यायचा बंद झाला. माझा मान राखला.

कॅसेट मी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली होती. पत्र्याच्या डब्यात, तांदळात ठेवा, असं तो म्हणालेला. मी म्हटलं, देवापेक्षा तुझा डबा मोठा काय? रोज देवाच्या अंघोळीचं पाणी त्या फळीवर झिरपायचं. मला दिसत होतं.

श्रावणात त्याच्या टेपरेकॉर्डरने त्याची कॅसेट चावली. अडतीस बंदरं झाली होती. तो आला, ओटीवर बसला. "तुमच्याकडं एकतीसपर्यंतची हाय. तेवडी पुरे. सात परत घेईन."

त्याने कॅसेटची डबी उघडली. टेपेवर पांढरी बुरशी. त्याने ती सदऱ्याच्या टोकाने हळूहळू पुसली. मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. कॅसेट थोडा वेळ किरकिरली, मग घुमली, मग गप्प. टीव्हीवर जहाज आलं नाही.

"गेली, तात्या."

चूक माझी, एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "तुझं मशीनच बिघडलंय."

"आसंल," तो म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

नंतर तो चिपळूणला बहिणीकडे गेला, तिथेच वारला. मला कोणी कळवलं नाही. कळवावं असं मी काही केलंही नव्हतं.

कॅसेट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजाराला निघालो, तर वसंता त्याच्या ओटीवर बसलेला. मी मागे फिरलो. आवाज नको म्हणून वहाणा हातात घेतल्या आणि परसातल्या दगडी गडग्यावर चढून पलीकडच्या वाटेने गेलो.