शेळीने नाकारलेला पाला

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे एका मावशींचं भाताचं शेत आहे. शेजारच्या बांधकामाची माती बांधावर पडली आणि त्या पावसात तिथे एक नवंच झाड उगवलं, कमरेएवढं, लालसर देठाचं. मावशी त्याची फांदी घेऊन आल्या. अनोळखी पाला त्या आधी शेळीपुढे टाकायच्या. शेळीने खाल्ला, तरच तो गाईला.

"मास्तर, शेली नुसती हुंगते नि तोंड फिरवते. काय हाय ह्ये?"

मला ते ओळखता आलं नव्हतं. पण सोसायटीतले दोघे-तिघे बघत उभे होते. मी म्हणालो, "राजगिऱ्याच्या जातीतलं आहे. गाईला चालेल."

मावशी हसल्या. "शेलीपेक्षा तुमी जास्ती शिकलेले, नाय का!"

तिसऱ्या दिवशी गाय आजारी पडली. ती वाचली, पण गाभण होती, वासरू गेलं. गुरांच्या डॉक्टरांना त्या पाल्याचाच संशय होता. मावशी मला म्हणाल्या, "माझीच चूक, मास्तर. मीच जास्ती घातला असंल." मी मान डोलावली. चुकीचं नाव सांगितलं, त्यापेक्षा हे मान डोलावणं मला जास्त टोचतं.

मावशी आजही मला पाला दाखवायला आणतात. माहीत नसेल तर आता मी तसं सांगतो. त्या एका झाडाबद्दल मात्र "मला माहीत नव्हतं" एवढं त्यांना सांगायचं माझं अजून राहिलंच आहे.