खुराड्यावरचा पत्रा

गेल्या रविवारी सासऱ्यांच्या अंगणात पाचशे रुपयांचा सौदा ठरला. हजर होतो सासरे, मी आणि दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बॉम्बफेकी विमानांचा माग काढणारे एक गृहस्थ. इथल्या डोंगरावर पडलेल्या विमानाचा पत्रा सासऱ्यांच्या खुराड्यावर होता. विमानातल्या सातही जणांची नावे, गावे गृहस्थांना पाठ होती. डोंगरावर त्या सातांच्या नावांची पाटी लागणार होती.

“माझ्या बहिणीचंही नाव घाला. विमान तिच्यावरच पडलं,” सासरे म्हणाले.

“आजोबा, पाटी विमानातल्यांचीच आहे.”

“खरंय. ती आपली पायीच होती.”

वरून पडणाऱ्यांचा शोध घेतला जातो. ज्यांच्यावर पडतात त्यांची नावे गावातच राहतात. तिचे नाव गोदी, वय नऊ. गृहस्थांनी विचारले नाही, म्हणून इथे लिहितो.

पत्रा निघाला आणि कोंबड्या उन्हात आल्या. शेवटी पाचशे रुपये दिले गेले, सासऱ्यांना, पत्र्याचे.