प्लाझ्मा आमचा, हवा शेजारची

कंपनीच्या बसमध्ये रोज तीच माणसं, तीच सीटं. चऱ्होली ते चाकण ट्रॅफिक असं, की एकीच्या घरची अडचण मोशी यायच्या आत सगळ्यांची होते! त्यामुळे आमच्या कंप्रेसरचे किस्से माझे एकटीचे राहिलेच नाहीत.

आईच्या अंगावरून वारं गेलं, म्हणून तिला लातूरहून आणलं. व्हीलचेअर आली आणि दारातल्या पायऱ्या आडव्या आल्या. रॅम्पसाठी सांगितलेला फॅब्रिकेशनवाला रोज "उद्या नक्की!" म्हणायचा. मी स्वतः कंपनीत प्लाझ्मा कटिंगला, म्हणजे विजेच्या झोतानं लोखंड कापायला. म्हटलं, लोखंडी रॅम्प आपणच करू! सेकंडहँड प्लाझ्मा मशीन घरी आणलं आणि मग आठवलं, याला हवा लागते! कंपनीत ती भिंतीवरच्या पाइपातून येते. पाइपात कुठून येते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

*

पहिला कंप्रेसर आणला तो गाड्यांत हवा भरायचा. काट्यावर प्रेशर बरोबर. पण वीतभर कापलं की आर्क, म्हणजे तो कापणारा झोतच, गुल! टाकी भरेपर्यंत थांबा, पुन्हा वीतभर.

बसमध्ये मेंटेनन्सच्या गायकवाडांना सांगितलं. म्हणाले, "ताई, नुसतं प्रेशर बघू नका. त्या प्रेशरला तो मिनिटाला हवा किती देतो? मशीन खातं त्यापेक्षा जास्त पाहिजे."

माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "तुमच्याकडे पाणी एक दिवसाआड ना? ड्रम भरलेला आहे तोवर तुम्ही राजे. कपडे धुवायला काढले की संपलं!"

अख्खी बस म्हणाली, "हां!"

*

स्टोअरच्या रेखाताईंच्या दिराचं तळवड्यात स्प्रे पेंटिंगचं वर्कशॉप. तिथला मोठा कंप्रेसर ताईंनी परस्पर देऊनच टाकला.

"अहो, त्यांना विचारा तरी!"

"कशाला? रविवारी नुसता पडून असतो."

"कंप्रेसर?"

"दोघंही!"

*

हवा भरपूर झाली, तर मशीन थुंकायला लागलं. नोझल जळाली. गायकवाड रविवारची झोप सोडून आले, टाकीखालचा कॉक उघडला आणि भळाभळा पाणी! हवेतला ओलावा टाकीत साठतो म्हणे. कंप्रेसरसोबत आलेल्या रेखाताई बघतच राहिल्या. "एवढी धार आमच्या किचनला नाही!"

गायकवाडांनी ओलावा अडवणारा फिल्टर बसवला, नोझलही बदलली. "माझ्याकडे पडूनच होती," म्हणाले. पाकीट कोरं करकरीत होतं.

*

मग लाइट. कंप्रेसर आणि प्लाझ्मा एकदम चालू झाले की घरभर अंधार! तिसऱ्यांदा एमसीबी पडला तेव्हा शेजारचे बाळूकाका भिंतीपाशी आले. इथले जुने गाववाले. मला वाटलं, आता आवाजावरून ऐकवणार.

"कशापायी चाललंय ह्ये?"

"आईसाठी रॅम्प करतोय, काका."

काका म्हणाले, "त्यो कंप्रेसर आमच्या गोठ्यात ठेवा. म्हशी गेल्या, लाइट ऱ्हायलीय. पाइप टाका भिंतीवरून."

"आवाज फार होतो, काका."

"म्हशी काय मुक्या व्हत्या व्हय?"

त्या दुपारी मी पहिल्यांदा एका दमात पूर्ण प्लेट कापली.

*

रॅम्प बसला, गायकवाड आणि रेखाताई चहा पिऊन गेले. आईचं मात्र आल्यापासून एकच चालू होतं, "राहू दे गं, कशाला माझ्यासाठी?" खुर्ची दाराशी नेऊन ठेवली, तरी बाहेर काही निघेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोखंडावर टक टक वाजलं. बघते, तर बाळूकाकांच्या आई! हातात वॉकर, डोक्यावर पदर. पाऊल, थांबा, पाऊल, थांबा, अशा रॅम्प चढत होत्या. काका मागं हात पसरून उभे.

वर आल्या, दम घेतला आणि आईला म्हणाल्या, "कवाधरनं बघायचं व्हतं तुमास्नी. त्या पायऱ्या काय यिऊ देत न्हवत्या!"

आईनं चांगल्या हातानं चाक ओढलं, खुर्ची मागं घेऊन त्यांना वाट करून दिली आणि माझ्यावर खेकसली,

"बघत काय उभी राहिलीस? चहा टाक की!"