धर्मराजकाकांची पिशवी

धर्मराजकाका आमच्या समोरच्या खोलीत राहायला आले ते चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर. उरणकडच्या खाडीवर त्यांचा जन्म गेला होता. बायको वारली, होडी विकली, आणि एकदा खाडीच्या चिखलातच चक्कर येऊन पडले. भरती यायच्या आत कुणाच्या तरी नजरेस पडले म्हणून वाचले. मग मुलगा जीवन त्यांना नवीन पनवेलला घेऊन आला. येतानाच काकांनी सांगून टाकलं, "शिमग्यापर्यंत रावतो. नाय जमला तं माजा मी परत."

जमत नव्हतंच. चाळीस वर्षं जाळी विणलेला माणूस दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या टाक्या बघायचा. बोटं मांडीवर उगाच चाळवत राहायची. जेवण म्हणजे अर्धी भाकरी. सून किशोरी माझ्याकडे येऊन डोळे पुसायची. "वहिनी, तिकडे कोण आहे हो त्यांना? पुन्हा पडले आणि कुणाला दिसलेच नाहीत तर?"

मला, खरं सांगते, म्हातारा हट्टी वाटायचा. मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

तेव्हा पनवेलच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशव्यांचा सुळसुळाट झाला होता. रुपयाची कोथिंबीरसुद्धा पिशवीतून यायची. आम्ही बायका त्या धुऊन, वाळवून गादीखाली जपून ठेवायचो, कशासाठी ते देव जाणे. किशोरीकडे तर इतक्या साठल्या होत्या की कूस बदलली की गादी सळसळायची. एके दिवशी काकांनी तो ढीग ओढून काढला आणि कात्री मागितली.

एकेक पिशवी ते गोल गोल कापत जायचे, अखंड पट्टी निघायची. मग ती मांडीवर वळून दोरी करायचे. जाळी विणायची बांबूची जुनी सुई ट्रंकेत होतीच. लाल, निळ्या, पांढऱ्या दोरीच्या गाठी पडू लागल्या तशी काकांची भाकरी अर्धीची दीड झाली. पाचव्या दिवशी भाजीची पिशवी तयार झाली. सुबक, घट्ट, हत्ती बांधला तरी तुटणार नाही अशी.

किशोरी ती मिरवत बाजारात गेली. येताना बटाटे, कांदे, वांगी भरून आणली. घरी आली आणि हात घालते तर भाजी बाहेरच येईना! काका जन्मभर जी जाळी विणत आले, त्यांना आतून एक निमुळता घसा असायचा, मासा आत शिरला की परत फिरू नये म्हणून. बोटांनी सवयीने इथेही तोच घसा विणला होता.

आम्ही सगळ्या दारात जमलेल्या. माझी जीभ काही गप्प राहीना. "काका," मी म्हटलं, "भाजी आणायची होती की पकडायची?"

सगळ्या खो खो हसल्या. काकाही ओशाळं हसले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक पुसून दाराशी आणून ठेवली. शिमग्याला आठ दिवस होते. मला माझीच लाज वाटली, पण बोललेला शब्द काय परत घेता येतो!

किशोरी मात्र त्याच सकाळी तीच पिशवी घेऊन पुन्हा बाजारात गेली. आली ती सरळ सासऱ्यापुढे बसली. "बाबा, भेंडी काडून द्या. माजा हात नाय जात."

काकांनी दोन बोटांनी घसा फाकवला, आतून वळसा दिला आणि भेंडी अलगद ताटात आली. दुसऱ्या दिवशी टोमॅटो, मग वाल. रोज तेच. मी न राहवून म्हटलं, "अगं, कात्रीने तो घसा कापून टाक की."

"वहिनी, तुम्ही हसून घेतलंत ना? आता गप्प बसा," ती म्हणाली. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. तिचं घेतलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी पुरणासाठी तिची चाळण मागायला गेले. काका पिशवी मांडीवर घेऊन सुईच्या टोकाने घशाच्या गाठी सोडवत बसले होते. अर्धा घसा सुटलाही होता. किशोरी मोरीतून बाहेर आली, ते बघितलं आणि ओल्या हातांनीच तिने पिशवी धरली.

"सोडू नका, बाबा! मना अशीच पायजे."

"अशी काय कामाची? रोज मीच काडून द्यायचा?"

"व्हय. रोज तुमीच."

 काकांनी तिची बोटं हळूच पिशवीवरून सोडवली आणि पुढची गाठ सुईवर घेतली.

"अगो पोरी, मी कंय नाय जात. पन येखादे दुपारी माजा डोला लागला, तं तू काय जेवन करायची थांबशील?"