अकरा वर्षांची शिकाऊ

रक्त तपासणीच्या त्या लॅबमध्ये सगळे तिला सुईताई म्हणत. रडकी पोरं असोत की शीर न सापडणारी म्हातारी माणसं, सगळ्यांना तीच हवी असायची. अकरा वर्षं ती सकाळी सातला कुलूप उघडत होती. डॉक्टर आरामात अकराला येऊन अहवालांवर सह्या ठोकत.

"सरकारी नोकरीत मेल्यावरही घर चालतं," तिचे वडील म्हणायचे. "खासगीत जिवंतपणी मालकाच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं." म्हणून ती दर भरतीला अर्ज भरायची. एकदा परीक्षाच रद्द झाली, एकदा निकाल कोर्टात अडकला, एकदा दोन गुणांवर घोडं अडलं. अखेर वयोमर्यादा संपायच्या वर्षी सरकारी दवाखान्याच्या यादीत तिचं नाव लागलं. आता फक्त कागदपत्रांची तपासणी उरली होती. तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा होता, आणि हिच्याकडे तर अकरा वर्षं! ती निर्धास्त होती.

दाखला मागितला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"अगं, पण तुझं नाव हजेरीपटावर कुठंय? तू तर घरचीच."

"आणि पगार, सर?"

"तो मी हातात देतो ना तुला."

"सर, माझी ही शेवटची संधी आहे. पाया पडते."

"खोटं कसं लिहू गं मी?"

अकरा वर्षं बिनकागदी राबवून घेणाऱ्या माणसाला नेमका त्याच दिवशी सत्याचा उमाळा आला. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी लिहून दिलं, 'या आमच्याकडे शिकाऊ म्हणून येतात.'

तपासणीच्या टेबलावर कारकुनाने तो कागद वाचला. "अकरा वर्षं शिकाऊ? बाई, एवढं शिकत तरी काय होता?" मागची रांग खो खो हसली. लाजेपोटी तीही हसली, आणि त्या हसण्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला. "पुढच्या भरतीला या," म्हणत तो फाईल मिटू लागला. मग जन्मतारखेकडे त्याची नजर गेली आणि त्याने फाईल हळूच तिच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं."

"मग पुन्हा कधी आहे?"

"आता वयात बसत नाही."

डॉक्टर फार हळहळले. तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मग त्यांनी स्वतःच हजेरीपट काढला आणि त्यात तिचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. रुजू झाल्याची तारीख आजची घातली.

"तुझं म्हणणं पटलं बघ मला. माणसाचं नाव कागदावर हवंच. कर सही, आता तू इथली कायमची."

तो हजेरीपट त्यांच्या तोंडावर फेकावा, असं तिला वाटलं. पण फेकून जाणार कुठे? तिने सही केली. बाहेर उपाशीपोटी आलेली माणसं खोळंबली होती.